कॉस्च्युम नाही, मिसरूड फुटलंय. कॅन्डी द्यायची का?

न्यू जर्सीतल्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक ताईंचं पत्र आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्यांच्या टाउनहाउसच्या वसाहतीत हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सोंग घेऊन घरोघर कॅन्डी मागायला पुष्कळ मुलं येतात. गेल्या ३१ ऑक्टोबरला रात्री साडेआठच्या सुमारास बेल वाजली. दारात चार मुलगे उभे होते. उंचीला ताईंच्या नवऱ्याएवढे, अंगात रोजचे हुडी, पाठीला शाळेच्या सॅक, एकाच्या हातात उशीचा अभ्रा. एकाला मिसरूडही फुटलेलं. "ट्रिक ऑर ट्रीट", म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, असं त्या दिवशी दारात म्हणायची रीत आहे, तसं म्हणाले. ताईंनी विचारलं, "कॉस्च्युम कुठाय? आणि वय काय तुमचं?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "हे लहान मुलांसाठी असतं," असं सांगून ताईंनी दार लावलं. जाता जाता त्यातला एक जण "हॅपी हॅलोविन" म्हणाला, आणि तेच ताईंच्या मनातून जात नाही.

नवऱ्याचं म्हणणं, दोन-दोन कॅन्डी दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र सगळ्यांनी ताईंचीच बाजू घेतली: काही न करता फुकट कशाला द्यायचं, अशाने मोठी पोरं सगळं घेऊन जातील आणि छोट्यांना काही उरणार नाही. नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "असं दारोदार मागत फिरणं आपल्यात नाही." आता ताईंचा आठवीतला तेरा वर्षांचा मुलगा म्हणतोय, यंदा मी मित्रांबरोबर जाणार आणि कॉस्च्युम घालणार नाही, ते लहान मुलं घालतात. ताई विचारतात, "यंदा दारात पुन्हा तशीच मुलं आली तर काय करू? आणि माझ्याच मुलाला जाऊ देऊ का?"

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. दारात आलेल्या मुलांना कॅन्डी द्या, कॉस्च्युम असो वा नसो. मुलालाही जाऊ द्या, पण त्याआधी त्याच्याबरोबर निवांत बसून बोला. काय बोलायचं ते पुढे लिहिलंय.

गेल्या वर्षी तुम्ही जे केलंत ते दुष्टपणाने केलं नाहीत. रात्र झालेली, दारात अनोळखी चार उंच मुलं, आणि मनात एक नियम पक्का: कॉस्च्युम घालेल त्याला कॅन्डी. पण हा नियम आला कुठून, हे एकदा तपासून बघू या.

तुमच्या ग्रुपवर कुणीतरी "काही न करता फुकट" असं लिहिलं. आता संध्याकाळी सहाला तुमच्या दारात येणारी मुलं डोळ्यांसमोर आणा. स्ट्रोलरमध्ये झोपलेलं आठ महिन्यांचं बाळ, त्याला भोपळ्याचा झगा चढवलेला. त्याच्यामागे दुकानातून आणलेला तयार सूट घातलेला पहिलीतला सुपरहीरो. त्या बाळाने काय केलं? त्या सुपरहीरोने काय केलं? कॉस्च्युम आईने शोधला, बाबांनी पैसे भरले. आपण ज्याला मुलाचे कष्ट समजतो ते बहुतेक वेळा आईवडिलांची सवड आणि खिसा असतो. हुडी घालून आलेल्या मुलाला ही सवड कुणी दिली असेल की नसेल, हे आपल्याला दाराच्या उंबऱ्यावरून कळत नाही.

वेश घेण्याची प्रथा जुनी आहे, हे मान्य. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलं सोंग घेऊन दारोदार जायची आणि गाणं, कविता नाहीतर विनोद ऐकवून खाऊ घ्यायची. एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं अमेरिकेत आली तेव्हा हा सण त्यांच्याबरोबर आला. पण इथे त्याला वेगळंच वळण लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅलोविन म्हणजे मोठ्या पोरांच्या खोड्यांची रात्र झाली होती. कुणाच्या अंगणाचं फाटक उचकटून न्यायचं, कुणाचं परसातलं शौचकूप उलथवायचं, गोठ्यातल्या गाई गावात सोडून द्यायच्या. लोक मेटाकुटीला आले. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० साली यावर उपाय म्हणून हॅलोविनची मिरवणूक काढली, पोरांना खाऊ दिला. आयोवातल्या डी मॉइन शहराने १९३८ साली त्याच हेतूने ३० ऑक्टोबरची संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवली. तिथे अजूनही घरचे लोक मुलांना आधी एखादा विनोद सांगायला लावतात आणि मग कॅन्डी देतात. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ मध्ये उठलं, आणि त्यानंतर घरोघरी कॅन्डी वाटण्याची पद्धत देशभर पसरली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की खाऊ देण्याची ही रीत रुजली त्यात त्या वांड वयातल्या पोरांना आपलंसं करण्याचा मोठा वाटा होता. बाहेर भटकून काहीतरी उपद्व्याप करण्यापेक्षा दारात या, गोड खा, असं गावांनी त्यांना सांगितलं. आज त्याच वयाची मुलं सरळ दारात येतात, बेल वाजवतात, ठरलेले शब्द म्हणतात, आणि आपण त्यांना सांगतो की हे तुमच्यासाठी नाही. मला हे फार उलटं वाटतं. चौदा वर्षांच्या मुलाला शुक्रवारी-शनिवारी रात्री जाण्यासारख्या जागा किती असतात, तुम्हीच बघा. कित्येक मॉलमध्ये तेव्हा मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत, बऱ्याच बागा अंधार पडला की बंद होतात, बाकी वेळ फोन. अशा वयात तीन-चार मित्र मिळून शेजाऱ्यांची दारं वाजवतायत, "थँक यू" म्हणतायत, याहून चांगली संध्याकाळ मला तरी सुचत नाही.

वयाचं म्हणाल तर ते चेहऱ्यावरून ओळखणं फार अवघड. तुमच्याच मुलाच्या वर्गाचा फोटो काढून बघा. एक मुलगा पाचवीतला वाटेल आणि त्याच्या शेजारचा कॉलेजातला. बाराव्या वर्षी मिसरूड फुटलेली मुलं असतात. यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती बोलायला जड आहे पण बोललीच पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की गुन्ह्याचा संशयित म्हणून दाखवलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं वय लोक सरासरी साडेचार वर्षांनी वाढवून सांगत होते. म्हणजे तेरा वर्षांचं पोर त्यांना साडेसतराचं दिसतं. तुमच्या दारातली मुलं कुठल्या वर्णाची होती ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारतही नाही. पण सावळ्या, उंच, हुडीतल्या मुलाकडे या देशात कोणत्या नजरेने पाहिलं जातं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. उद्या तुमचा मुलगा दुसऱ्या कुणाच्या दारात उभा राहील तेव्हा समोरच्याने त्याला तेरा वर्षांचा धरावा, असं तुम्हाला वाटेलच ना?

काही गावांनी वयाचा कायदाही करून पाहिला. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १९७० पासून बारा वर्षांवरच्या मुलांनी कॅन्डी मागत फिरणं हा गुन्हा होता आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. लोकांनी त्यावर इतका संताप व्यक्त केला की २०१९ मध्ये वयाची मर्यादा चौदावर नेली आणि तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. तुमच्या टाउनशिपचे काही नियम किंवा ठरलेली वेळ असेल तर ती त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या आणि पाळा. ते सोडलं तर दारात उभं राहून वयाचा दाखला मागणं हे आपलं काम नव्हे.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी हसून उडवणार नाही. दुसऱ्याच्या दारात हात पसरायचा नाही हे आपल्याकडे घराघरात शिकवतात आणि त्यात स्वाभिमान आहे. पण इथली रीत त्यांना नीट समजावून सांगा. ज्याला मुलं यायला हवी असतात तो अंगणातला दिवा लावून ठेवतो. ज्याला नको असतात तो दिवा मालवतो, आणि मुलं त्या घराला वळसा घालून पुढे जातात. म्हणजे लावलेला दिवा हे आमंत्रण असतं, आणि आमंत्रण आल्यावर जाणं म्हणजे मागणं नव्हे. त्यांना गणपतीतल्या आरत्या आठवायला सांगा. वाडीतली पोरं घरोघर आरतीला जातात, त्यात लहान असतात तशी कॉलेजातलीही असतात. निम्म्यांना 'घालीन लोटांगण'पर्यंत नुसतं टाळ्या वाजवण्यापलीकडे काही येत नाही. पण ज्याला आरती पाठ नाही त्याच्या हातावर खिरापत ठेवायची नाही, असं कुठल्या घरात केलेलं मी पाहिलं नाही. सासूबाईंनीही कधी केलं नसणार.

कॉस्च्युम नसण्यामागे काय काय असू शकतं, तेही सांगते. घरी पैसे नसतील. आईवडील रात्रपाळीला असतील आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. मुलगा सरावावरून थेट आला असेल, म्हणून तर पाठीला सॅक. नुकतंच परदेशातून आलेलं मूल असेल आणि मित्रांनी आयत्या वेळी ओढून आणलं असेल. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना ते खरखरीत नायलॉनचे कपडे, मानेला टोचणारा शिवणीचा काठ, चेहऱ्यावरचा मुखवटा सहनच होत नाही. काहींना बोलता येत नसल्याने "ट्रिक ऑर ट्रीट"ही म्हणता येत नाही. अलीकडे काही पालक अशा मुलांच्या हातात निळी बादली देतात, म्हणजे समोरच्याने समजून घ्यावं. पण खरं सांगू का, मुलाने आपलं दुखणं बादलीच्या रंगातून जाहीर केल्यावरच आपण दोन कॅन्डी द्यायच्या, हे मला पटत नाही. न विचारता दिल्या की कुणालाच काही सिद्ध करावं लागत नाही.

आणि काही मुलं नुसती त्या अडनिड्या वयातली असतात. सोंग घ्यायची लाज वाटते आणि घरी बसवत नाही. आमच्या गल्लीत मागे एक मुलगी आली होती. पंधराची असावी. धाकट्या भावाला डायनासोरचा पोशाख चढवलेला, शेपूट पायरीला अडकत होती म्हणून ती एका हाताने उचलून धरलेली, दुसऱ्या हातात टॉर्च. स्वतः शाळेच्या जॅकेटमध्ये. भाऊ वर आला, ती खालच्या पायरीवर थांबली. भावाला दिल्यावर मी वाडगा तिच्यापुढे केला तर तिने आधी मागे वळून पाहिलं, बहुतेक मी दुसऱ्या कुणाला म्हणतेय असं तिला वाटलं. मग वाडग्यात बराच वेळ शोधून शेंगदाण्याची एक कॅन्डी उचलली आणि जॅकेटच्या खिशात ठेवली. तिच्याकडे पिशवी नव्हतीच. ती कुणाकडे काही मागायला निघालीच नव्हती. त्या वयाच्या मुलांना आपण किती लवकर 'मोठं' करून टाकतो, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

आता दाराचं व्यावहारिक बघू. छोट्यांना उरणार नाही ही काळजी रास्त आहे, पण त्याला साधा उपाय आहे. छोटी मुलं साधारण साडेपाच ते साडेसात येतात. न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, अंधार पडला की पहिली-दुसरीची मुलं घरी जायला लागतात. मोठी त्यानंतर येतात. तेव्हा वाटायच्या दोन पिशव्या वेगळ्या करून ठेवा आणि दुसरी साडेसातनंतरच फोडा. वाडगा मुलांच्या हातात देण्याऐवजी तुम्ही स्वतः एक-दोन नग द्या, सगळ्यांना सारखे. वाडगा बाहेर ठेवून आत बसलात तर तो पहिल्या दहा मिनिटांत रिकामा होण्याची शक्यता आहे, आणि ते काही फक्त मोठी मुलं करत नाहीत. कॅन्डी संपली की दिवा मालवा. नऊनंतर कुणी यायला नको असेल तर नऊला मालवा. हा तुमचा पूर्ण हक्क आहे आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. अपमान होतो तो दिवा लावून, दार उघडून, पोराला नखशिखांत न्याहाळून नाही म्हटल्यावर. शेंगदाण्याची वगैरे अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी पेन्सिली, स्टिकर असं काही वेगळं ठेवणार असाल तर दारात हिरव्या-निळ्या रंगाचा, ज्याला इकडे टील म्हणतात तो भोपळा ठेवा. मुलांच्या आयांना ती खूण कळते.

बदल्यात काहीतरी हवंच असं वाटत असेल, तर डी मॉइनसारखं विनोद विचारा. "कॉस्च्युम कुठाय?" आणि "आज तू कोण झालायस?" या दोन प्रश्नांत फार फरक आहे. पहिल्यात झडती आहे, दुसऱ्यात गंमत. हुडीतला मुलगा म्हणेल, "मी थकलेला नववीतला विद्यार्थी झालोय." तेवढ्यावर द्या. आणि उत्तर नाही आलं तरी द्या.

एकट्या असाल आणि भीती वाटली तर? ती वाटू शकते, त्यात कमीपणा नाही. बाहेरचं काचेचं दार लावलेलं ठेवा, पायरीवर छोट्या टेबलावर मोजक्या कॅन्डी मांडा आणि आतून हात हलवून "घ्या" म्हणा. नवरा घरी असेल तेव्हा उशिराची पाळी त्यांनी घ्यावी. पण जी मुलं "हॅपी हॅलोविन" म्हणून निघून गेली त्यांना धोका समजायचं कारण मला तरी दिसत नाही. कुणी खरोखर दांडगाई केली, छोट्यांच्या हातातलं हिसकावलं, तर तिथे कडक बोला. ते वागण्याबद्दल बोलणं झालं. कपड्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता तुमचा मुलगा. तेरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर जातो म्हणतो, म्हणजे अजून त्याला त्या सणात रस आहे. तो रस मारू नका. त्याला सांगा, कॉस्च्युमची सक्ती नाही, पण घरात जे आहे त्यातलं काहीतरी अंगावर चढव. आवडत्या संघाची जर्सी चालेल, जुनी सायकलची हेल्मेट चालेल. कारण दार उघडणाऱ्यालाही सणात भाग घेतल्याचं समाधान हवं असतं, आणि तुझ्या बाजूने एवढं करायला काही लागत नाही. तरीही नाही म्हणाला तर वाद घालू नका. त्याऐवजी वागण्याच्या गोष्टी पक्क्या करून घ्या: दिवा मालवलेल्या घराची बेल वाजवायची नाही, छोटी मुलं असतील तर त्यांना आधी पुढे जाऊ द्यायचं, कुणी नाही म्हटलं तर आवाज न चढवता "हॅपी हॅलोविन" म्हणून निघायचं.

रस्त्याचं मात्र नीट समजावा. अमेरिकेतल्या बेचाळीस वर्षांच्या अपघातांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. काळा हुडी अंधारात ड्रायव्हरला दिसत नाही. सॅकवर चमकणारी पट्टी लावा, टॉर्च द्या, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडायचा आणि तेव्हा फोन खिशात, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

आणखी एक, सांगताना जीव कातरतो तरी सांगा. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये जपानहून शिकायला आलेला सोळा वर्षांचा मुलगा हॅलोविनच्या पार्टीला जाताना चुकून भलत्याच घरी गेला आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. मुलगा गेला. घरमालकाची फौजदारी खटल्यात निर्दोष सुटका झाली. म्हणून आपल्याच वसाहतीत फिरायचं, पुढच्या वाटेनेच दारापर्यंत जायचं, कुणाच्या परसातून किंवा लॉनवरून आडवं जायचं नाही, आणि दार उघडल्यावर हात दिसतील असे ठेवून हसून बोलायचं. हे त्याला घाबरवण्यासाठी नाही, तर त्याने बेधडक जावं आणि ठरल्या वेळी सुखरूप परत यावं म्हणून. आणि आपल्या मुलाला हे शिकवावं लागतं हे एकदा कळलं, की दारात आलेल्या उंच पोरांकडे आपणही वेगळ्या नजरेने बघतो.

ग्रुपवर भांडण नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एवढंच लिहा: "आमच्याकडे साडेपाच ते नऊ दिवा चालू असेल. कुठल्याही वयाची मुलं, कॉस्च्युमसह किंवा कॉस्च्युमशिवाय, जरूर येऊ देत." बघा, दोन-चार घरं तरी त्या मेसेजला पसंतीचा अंगठा देतील, टीनएजर मुलांच्या आया तर नक्कीच. ज्यांना पटणार नाही ते आपला दिवा त्यांना हवा तेव्हा मालवतील. आणि कॅन्डीची एक पिशवी जास्तीची आणा.